घे आणि घ्या

भूलतज्ज्ञ म्हणजे सुई टोचून स्टुलावर पेंगणारी बाई, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या हाताखाली झोपून बघावं. जबड्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन आख्खं तोंड अडवून बसतो. श्वासाची वाट मी राखायची. माझ्या हातून आजवर एकही पेशंट गेलेला नाही, आणि हे मी मान खाली घालून सांगणार नाही.

फेंटानिल आणि रेमिफेंटानिल, दोन्ही अफूच्या जातीची औषधं. गाढ गुंगीसाठी कोणतं सरस, हे ठरवायचं काम हॉस्पिटलनं माझ्यावर सोपवलं होतं. दोन्हींची खोड एकच: पेशंट श्वास घ्यायला विसरतो. दम लागत नाही, घुसमट होत नाही. नुसता विसरतो. मग कानाशी वाकून म्हणायचं, "श्वास घ्या." की घेतो. रेमिफेंटानिल झटकन चढायचं, झटकन उतरायचं. माझा कौल त्यालाच होता.

पहिली तक्रार एका निवृत्त न्यायाधीशांची. शुद्धीवर येताच, गालात कापसाचा बोळा तसाच.

"मला अरे-तुरे करणारी बाई कोण?"

"मी अहो-जाहोच करते, साहेब."

"तुम्ही नाही हो. दुसरी. 'श्वास घे' म्हणणारी."

खोलीत माझ्याशिवाय सगळे पुरुष होते. सर्जन हसला. "म्हाताऱ्याला आई आठवली असेल."

फेंटानिलवाले कुणी काही बोलले नाहीत. रेमिफेंटानिलवाले मात्र एकामागून एक तेच सांगू लागले. एका ट्रकवाल्यानं तर तोंडावर सुनावलं, "तुमच्यापेक्षा तिचा आवाज बरा."

मला भीती नाही वाटली. डोकं फिरलं. माझं काम दुसरी कोण करते?

मग माझ्या ताईच्या जबड्यात गाठ निघाली. तिचा हट्ट, "भूल धाकटीच देणार." मी रेमिफेंटानिलच निवडलं. माझा निकाल माझ्याच घरी चालत नसेल तर तो निकाल कसला?

गाठ अर्धी सुटली आणि ताईची छाती थांबली. मी औषध बंद करून वाकले.

"ताई, श्वास घ्या."

सर्जननं वर पाहिलं. "सख्ख्या बहिणीला अहो?"

मी मुद्दामच म्हणत होते. माझा आवाज वेगळा कळावा म्हणून.

"श्वास घ्या, ताई."

काही नाही. ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला.

"व्हा बाजूला!" मी सर्जनला ढकललं, मास्क उचलला.

मास्क टेकायच्या आत ताईनं खोल श्वास घेतला.

मी काहीच बोलले नव्हते.

संध्याकाळी वॉर्डात ती बोळ्याआडून पुटपुटली, "घ्या-घ्या काय लावलं होतंस? 'घे' ऐकलं तेव्हा जीवात जीव आला."

"'घे' मी नाही म्हणाले."

"माहितीये. ती तुझ्या मागे होती." तिचे डोळे मिटत होते. "तुलाही सांगत होती."

"मला? मला कुणी औषध दिलंय?"

"तरी सांगत होती. सारखं."

मी हसले. मला कुणी शिकवायची गरज नाही, म्हणाले. ताई झोपली. तिची छाती वर-खाली होत होती, आणि मी तिला वाचवल्याच्या तोऱ्यात बघत उभी राहिले.

मग लक्षात आलं, माझी हलत नाहीये.

दम लागला नव्हता. घुसमटही नव्हती.

"घे," कानाशी कुणीतरी म्हणालं.

मान ताठच होती माझी. पण घेतला.