पडद्यामागचे पाणी

अभ्युदय कॉलनीत मुलांच्या प्रेमाचे मोजमाप रविवारी दुपारी, जेवणे आटोपल्यावर, तळहाताने होत असे. परदेशातल्या मुलाशी बोलणे संपले की आई मॉनिटरच्या पाठीवर हात ठेवी. पाठ जितकी तापलेली, तितके लेकरू मायाळू. सौजन्य कायदा येऊन एक पिढी उलटली होती. त्या कायद्याने प्रत्येक मॉनिटरमध्ये ‘सौजन्यचिप’ बंधनकारक होती. समोरून येणाऱ्या चेहऱ्यातली आणि आवाजातली तुच्छता, कंटाळा, राग ती वाटेतच काढून टाकी आणि त्या जागी शोभेलसे काही भरी. घराघरांतली भांडणे थांबली. समाजशास्त्रज्ञांनी त्याला प्रगती म्हटले आणि पारितोषिके आपसांत वाटून घेतली. चिप का तापते, हे मात्र कोणी विचारले नाही. भावना उत्कट असली की यंत्राला ती पेलत नाही, असा सोयीचा समज रूढ झाला; आणि ज्या समजाने आयांची छाती फुगते, तो खोडून काढायला कोणते विद्यापीठ धजावणार?

निवृत्त मुख्याध्यापिका प्रणिता देवतळे यांचा मॉनिटर अख्ख्या कॉलनीत सर्वांत जास्त तापे. “तुमच्या पडद्यावर माझे पापड भाजून घेते बाप्पा,” असे शेजारच्या किरण वासनिक म्हणत, तेव्हा त्या हसण्यातला मत्सर प्रणिताबाईंना अत्तरासारखा वाटे. अडचण एकच होती. ऑस्लोहून त्यांचा मुलगा शर्विल बोलू लागला की थोड्याच वेळात चिप असह्य तापून पडदा काळा पडे. अमरावतीचा उन्हाळा म्हणून त्यांनी मॉनिटरपुढे कूलर लावून पाहिला. त्या घरघराटात मुलाचा आवाजच ऐकू येईना. अखेर त्यांनी वरच्या मजल्यावरच्या डॉ. नाझनीन शेख यांना गाठले. नाझनीन महाविद्यालयात उष्णतेचे शास्त्र शिकवत.

“बाजारात याला काही मिळत नाही, काकू. बेतून करावं लागेल.”

त्यांनी मॉनिटरची पाठ उघडली, चिपवर पोकळ तांब्याची चकती बसवली, तिला दोन पारदर्शक नळ्या जोडल्या आणि एक लहानसा पंप, एक पंखा व पाण्याची बरणी लावली. पाणी चकतीतून फिरून चिपची उष्णता उचलणार, पंख्यापुढच्या जाळीत ती सोडणार आणि बरणीत परतणार. बरणीत तापमापक होता.

आधी बातम्या लावून पाहिल्या. पाणी गार. मग शर्विलचा फोन आला.

“आई, तुझी फार आठवण येते गं.”

तापमापकाचा आकडा उडी मारून वर गेला. प्रणिताबाईंनी नाझनीनकडे विजयी मुद्रेने पाहिले.

“माझा पडदा मात्र नेहमीसारखा गारच,” शर्विल गोड हसून म्हणाला. “लहानपणी वसतिगृहात होतो, तेव्हापासून गारच.”

या वाक्याला नळीतले पाणी उकळू लागले. पंप कण्हला, पण पडदा टिकला. प्रथमच त्यांचे बोलणे मनाजोगते संपले.

“पाहिलंस? उकळतं प्रेम आहे पोराचं!”

नाझनीन बराच वेळ नळ्या पुसत राहिल्या.

“काकू, निसर्गाचा एक नियम आहे. माहिती साठवणं, हलवणं फुकट जमू शकतं. पुसायला मात्र किंमत पडते, आणि ती उष्णतेच्या रूपातच द्यावी लागते. आजच्या चिपा इतक्या काटकसरी आहेत की दुसऱ्या कशानेही त्या तापत नाहीत. फक्त पुसण्याने तापतात.”

“काय पुसण्याने?”

“तुम्हाला दिसू नये ते.”

मुख्याध्यापिकेला दोनदा सांगावे लागले नाही. त्यांनी बरणीकडे पाहिले. तिच्यातून अजून वाफ निघत होती.

“आणि त्याचा पडदा गार, तो...”

“तुमच्या चेहऱ्यात पुसण्यासारखं कधी काही नव्हतं. त्याने मात्र इतकी वर्षं त्याचा अर्थ लावला की आईला माया नाही. तिथून हे सगळं साचलं असावं.”

“मग मी त्याला सांगते!”

“कशातून सांगाल? पत्रं बंद झाली. प्रत्येक शब्द त्याच्याकडच्या चिपमधून जाणार. त्याला दुखावेल असं काही तिथे पोचत नाही. पोचते ती फक्त उष्णता, तीही पुसायला बरंच काही असेल तरच.”

तरीही पुढच्या रविवारी प्रणिताबाईंनी सांगून पाहिले. नाझनीन शेजारी बसल्या होत्या.

“शर्विल, नीट ऐक. तू माझा तिरस्कार करतोस, हे मला कळलंय. गार पडद्याचा अर्थ तू उलटा लावलास, राजा.”

शर्विलने मान डोलावली. “हो आई. तूही वेळेवर जेवत जा.”

त्यांनी तेच पुन्हा सांगितले, शाळेत सांगत तसे, एकेक शब्द सुटा करून. तो प्रसन्नपणे म्हणाला, “इकडे थंडी आहे, पण काळजी करू नकोस.” मागे पाणी खदखदत होते. त्या गोड, रंगवलेल्या चेहऱ्याकडे पाहता पाहता प्रणिताबाईंच्या आत काहीतरी तुटले.

“मूर्खा! एका यंत्राच्या पाठीवर हात ठेवून तू आईचा निकाल लावलास? तुला जन्म दिला याची मला लाज वाटते!”

“काकू!” नाझनीन दचकून उठल्या.

समोरून झळ लागावी तसा शर्विल बोलता बोलता थांबला. त्याने हात लांब करून आपल्या मॉनिटरची पाठ चाचपली. मग दुसरा हातही लावला.

“आई,” त्याचा आवाज फुटला, “तापला गं! पहिल्यांदा तापला!”

तो लहान मुलासारखा रडू लागला. नाझनीनची नजर तापमापकाकडे गेली. आकडा भराभर उतरत होता. चिपला पुसायला काही उरले नव्हते. समोरचे अश्रू खरे होते.

“काय म्हणालीस ते पुन्हा म्हण ना, आई. अजून बोल.”

त्याच्या कानांवर नेमके काय पडले होते, हे कळायला मार्ग नव्हता. प्रणिताबाईंनी नाझनीनकडे पाहिले. नाझनीननी मान खाली घातली.

त्यांनी पडद्याकडे तोंड वळवले आणि बोलू लागल्या. एकामागून एक वाक्ये येत गेली, तासलेली, धारदार. एकही शोधावे लागले नाही, आणि एकही खोटे नव्हते. पलीकडे त्यांचा मुलगा दोन्ही हात मॉनिटरच्या पाठीला लावून, डोळे मिटून, हसत होता.