सिंकखालची तहान

हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय आणि अर्धंअधिक माझ्या डोळ्यांसमोर. पटवून द्यायला मी लिहीत नाहीये. ज्याला थाप वाटेल त्याला खुशाल वाटू दे.

माझे भाऊजी प्लंबर. हयातभर लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या आणि काम थांबवल्यावर एक जुनी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची घरगाडी, घेतली. आत पलंग, ओटा, सिंक आणि अंग चोरून बसावं लागेल एवढा संडास. गाडीच्या पोटात दोन टाक्या, एक सांडपाण्याची, एक मैल्याची.

"आता आम्ही गोगलगाय," ताई सगळ्यांना सांगायची. खूश होती.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मी त्यांच्याबरोबर गेले. तळ्याकाठी अशा गाड्या लावायचा तळ होता. हंगाम संपलेला. आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

संध्याकाळी पोचलो, गाडीचं दार उघडलं...

आणि वास आला.

"भाऊजी, टाकी रिकामी करायची राहिली वाटतं!"

"कालच केलीय मेहुणीबाई. धुतलीय पण." त्यांनी सिंककडे बोट केलं. "खाली वाकडी नळी असते. तिच्यात पाणी साचून राहतं, म्हणून टाकीतला वास वर येत नाही. ते सुकलं असणार."

त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. वास गेला.

सकाळी परत आला.

भाऊजींनी टॉर्च मारून पाहिलं. नळी खडखडीत कोरडी.

त्यांनी नळी सोडवली. कुठे चीर नाही. वायसर नवा घातला, पुन्हा पाणी ओतलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. कागदावर थेंब नाही. सांडपाण्याच्या टाकीची तोटी उघडली. तिथेही थेंब नाही.

"मग पाणी जातंय कुठे?" ताईने विचारलं.

भाऊजी काही बोलले नाहीत. तेवढ्यानेच मी घाबरले. पाइपाबद्दल बोलायचं म्हटलं की त्या माणसाचं तोंड बंद होत नसे.

दुपारी आम्ही तिघं चहा घेत होतो. लख्ख ऊन आत आलेलं.

सिंकमधून आवाज आला...

घट्.

मग... घट्... घट्... घट्...

पाइपाचा आवाज असा नसतो. खूप वेळ तहानलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो ना, तसा. मध्ये श्वास घ्यायला थांबला... आणि पुन्हा घट्, घट्.

शेवटी एक सुस्कारा.

त्यापाठोपाठ वास. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. लोकांच्या उघड्या तोंडांवर वाकून माझे दिवस जातात. तो मैल्याचा वास नव्हता. पाण्यावाचून सुकलेल्या तोंडाचा होता.

"बूच लावा हो," ताई कुजबुजली. "बंद करून टाका ते!"

भाऊजींनी सिंकला बूच ठोकलं. वर चिकटपट्टीचे वेढे. वास थांबला, आवाज थांबला.

"झालं," ते हात पुसत म्हणाले. "जरा पाणी दे गं."

ताईने दिलं.

"अजून दे."

अंधार पडेपर्यंत त्यांनी पाण्याचा कॅन संपवला. सकाळी ओठ फाटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. आणि लघवीला एकदाही गेले नव्हते. मैल्याच्या टाकीचा काटा तळाशीच. एवढं पाणी पोटात गेलं, ते बाहेर कुठेच नाही.

आम्ही त्यांना गावातल्या दवाखान्यात नेलं. सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढल्या. डॉक्टरांनी साखर पाहिली, मूत्रपिंडं पाहिली.

"सगळं ठीक आहे," ते रिकाम्या बाटलीकडे बघत म्हणाले. "पण हे जातंय कुठे, मला कळत नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. हाच प्रश्न तिने सिंकपाशी विचारला होता.

ती तडक उठली. मी तिच्या मागे. गाडीत शिरताच तिने चिकटपट्टी ओरबाडली, बूच उपटलं आणि अख्खी बादली सिंकमध्ये उलटी केली.

"पी," ती रडत म्हणाली. "पोटभर पी. पण यांना सोड!"

घट्... घट्... घट्...

बादलीभर पाणी त्या चिंचोळ्या नळीतून गेलं. टाकीची तोटी उघडीच होती. खाली काही पडलं नाही.

परत आलो तर भाऊजी पलंगावर उठून बसलेले.

"लघवी झाली हो त्यांना," नर्स म्हणाली. एवढ्या वाक्याला ताई तिच्या गळ्यात पडून रडली.

त्यानंतर आम्ही करायचं ते सगळं केलं. गाडी एका गॅरेजवाल्याला देऊन टाकली. घरी पोचायच्या आत भाऊजींची जीभ सुकली. तसेच मागे फिरलो. सिंक काढून टाकलं, तर गाडीतल्या संडासाच्या फरशीवरच्या जाळीतून आवाज येऊ लागला.

गाडी आता ताईच्या अंगणात उभी आहे. ती सकाळ-संध्याकाळ त्या जाळीत बादलीभर पाणी घालते. उशीर झाला की भाऊजी ओठ चाटायला लागतात. त्यांना सगळं ठाऊक आहे. फक्त पाणी मागायची लाज वाटते त्यांना. ते गप्प बसून राहतात आणि ताईला ते बघवत नाही. माहेरी नाही, लग्नकार्याला नाही. ती कुठेच जात नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज थकलेला.

"आता एका बादलीने भागत नाही गं. माझी कंबर गेलीय." बादलीची कडी वाजली. "मी पडले अंथरुणाला, तर कोण घालेल?"

तिने माझं नाव घेतलं नाही. पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला...

अजून मी तिला उत्तर दिलेलं नाही. रविवारी तिच्याकडे जायचंय.