चार बोटांचं अंतर

"कोबी तीनशे आणि सेलरी तीस. मी उलट लिहिलं होतं का?"

रोपवाटिकेच्या बाकाखालून आधी गवती टोपी बाहेर आली, मग बेन्युएल ग्लिक. एका हातात गळका पाइप, शर्ट कोपरापर्यंत भिजलेला. त्याने खिळ्याला अडकवलेली माझी चिठ्ठी काढली, वाचली, आणि आधी त्याचे कान लाल झाले, मग मान.

"चूक माझी," तो म्हणाला. "परत आण, बदलून देतो."

"लावून झाली. मी सकाळी बाजारात होते. धाकट्या बहिणींनी तिन्ही वाफे भरून टाकले."

"मग..." त्याने हसू दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही. "अभिनंदन, सलोमा. नवरा कोण?"

आमच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती मंडळीत मुलीच्या लग्नाची बातमी ऑक्टोबरपर्यंत घराबाहेर जात नाही. आईसुद्धा बहिणीला सांगत नाही. पण लग्नात चारशे माणसं जेवतात आणि प्रत्येक टेबलावर सेलरीच्या दांड्या लागतात. त्यामुळे तोंडं बंद असली तरी परसबाग बोलते. तीस रोपं म्हणजे घरचं खाणं. तीनशे म्हणजे लग्न.

संध्याकाळपर्यंत आमच्या कुंपणाशी चार बग्ग्यांचा वेग कमी झाला. आई म्हणाली, उपटून टाक. बाबा म्हणाले, तिचं ती ठरवेल. मी ठरवलं. चूक रोपांची नव्हती, ती राहतील.

बेन्युएल भरपाई म्हणून दर शनिवारी खुरपणीला येऊ लागला. पहिल्या शनिवारी दोन रांगा झाल्या. चौथ्या शनिवारी अर्धीच झाली, कारण आम्ही बोलत होतो.

"या आठवड्यात नवरा कोण?" तो विचारायचा.

"लोकांच्या मते आयझॅक बायलर. त्याआधी नालबंद विधुर. मी यादीच ठेवलीय."

"माझं नाव अजून आलंच नाही?"

"तुझा बाप्तिस्मा कुठे झालाय? तू यादीत बसत नाहीस."

आमच्यात बाप्तिस्मा वयात आल्यावर, स्वतःहून घेतात, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. मी गमतीनं म्हटलं होतं. त्याचं खुरपं थांबलं. तेवढ्यात पाऊस आला आणि आम्ही अवजारांच्या खोपीत धावलो. तिथे, पत्र्यावरच्या आवाजात, त्यानं सगळं सांगितलं... तुटक तुटक, बाहेर बघत.

त्याचा थोरला भाऊ एलाम. बाप्तिस्मा घेऊन, मंडळीसमोर गुडघे टेकून शपथ घेऊन, दोन वर्षांनी निघून गेला; आता शहरात ट्रक चालवतो. शपथ मोडणाऱ्यासोबत एका टेबलावर जेवायचं नाही, हा आमचा नियम. एलाम घरी आला की त्याचं ताट खिडकीशी, छोट्या टेबलावर. बेन्युएल आपलं ताट उचलून त्याच्याजवळ जाऊन बसतो. त्याला चालतं, कारण त्यानं अजून शपथ घेतलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यानं बाप्तिस्म्याचे सगळे वर्ग केले. आदल्या शनिवारी बिशप शेवटचं विचारतात, मागे फिरायचं असेल तर आज फिर. तो फिरला.

"यंदाही वर्गाला जातोय," तो म्हणाला. "शपथेतलं सगळं मला मान्य आहे, सलोमा. फक्त त्या खिडकीपाशी तो एकटा जेवणार, हे..."



मी एकोणिसाव्या वर्षी शपथ घेतली होती. ती मोडून मला कुणाशीच लग्न करायचं नव्हतं, आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, तुला मोडायला कोण सांगतंय? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लग्नाचा विषय कुणीच काढला नव्हता, तरी दोघांनी उत्तरं देऊन टाकली होती.

"सेलरी ऑक्टोबरात तयार होते," मी म्हटलं. "तोवर मी तिला भर घालत राहणार. तुझं तू ठरव."

सेलरीच्या बुडाशी माती चढवत गेलं की दांड्यांना ऊन लागत नाही. त्या पांढऱ्या, गोड होतात. ऑगस्टभर मी माती चढवली आणि एकाच गोष्टीचा विचार केला. नियमाचा शब्द होता 'एका टेबलावर'. मग टेबलं दोन असली तर?

मी बिशप झूकांकडे गेले. ते घोड्याचा लगाम शिवत होते. मी सरळ विचारलं, दोन टेबलांमध्ये किती अंतर असावं लागतं?

"माझ्या आईनं माझ्या मामासाठी दोन लावली होती," ते म्हणाले. "मधे हात जायचा. कुणी मोजलं नव्हतं."

"आणि दोन्हींवर मिळून एकच कापड घातलं तर?"

"कापडाबद्दल मला काही आठवत नाही," म्हणाले, आणि दातांनी दोरा तोडला.

बाप्तिस्म्याच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, मी दोघा भावांना जेवायला बोलावलं. स्वयंपाकघरातल्या दोन टेबलांत चार बोटांची फट ठेवली, वर आजीचं लांब पांढरं कापड घातलं. एलामनं ट्रक रस्त्यावरच उभा केला. आत आला, टेबलाकडे पाहिलं, आणि ट्रकवाल्याच्या त्या मोठ्या हातानं कापड मधोमध दाबलं. ते खाली गेलं.

"दरी आहे इथे," तो म्हणाला.

"चार बोटं," मी म्हटलं. "तुझं ताट पलीकडे. वाढणार मी. तू घ्यायचं, पुढे द्यायचं नाही; तुझ्या हातून आम्हाला घेता येत नाही."

एलाम हसला नाही. वाटलं, निघून जाईल. मग खुर्ची ओढून बसला. बेन्युएल त्याच्या समोर बसला, माझ्या बाजूला. कोंबडी-नूडल्स अर्धी संपली.

"कापडावर रस्सा सांडला तर कुठल्या टेबलाचा?" एलामनं विचारलं.

"सांडून बघ," बेन्युएल म्हणाला, "सलोमा मोजून सांगेल."

मग ते दोघे हसले, लहानपणी हसत असतील तसे, आणि मला पाव आणायला उठावंच लागलं. चार बोटं म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. एलामलाही ती दिसत होती. पण खिडकीशी एकट्यानं बसण्यापेक्षा हे बरंच जवळ होतं.

शनिवारी बिशपांनी शेवटचं विचारलं. बेन्युएल मागे फिरला नाही. रविवारी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं गेलं तेव्हा मी बायकांच्या बाकावर, मान खाली घालून, बोटं घट्ट धरून बसले होते.

पुढच्या शनिवारी तो खुरपं न घेता आला.

"किती उरली?"

"दोनशे ब्याण्णव. आठ सशांनी खाल्ली."

"चारशे माणसांना पुरतील?"

"ते नवऱ्याकडचे किती खातात त्यावर आहे."

"आम्ही बरंच खातो," तो म्हणाला. कान लाल, मग मान. "सलोमा... माझं नाव घालशील यादीत?"

"यादी कधीच फाडली," मी म्हटलं. "चुलीत घातली. त्या बुधवारी."

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी उपासनेला गेले नाही. नवरी त्या दिवशी घरीच थांबते. बाबा सगळ्यांसमोर लग्न जाहीर करतात आणि मुलगा तडक तिच्याकडे निघतो. मी कोंबडी भाजायला लावली आणि एकाच टेबलावर दोन ताटं मांडली. पावणेबाराला टापा ऐकू आल्या. घोडा पळत होता.

बेन्युएल आत आला, टोपी काढली, ताटांकडे पाहिलं. मग दोन ताटांच्या मधे बोटं टेकवली. चार भरली.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"सवयीनं," मी म्हटलं.

त्यानं आपलं ताट उचललं, आणि माझ्या ताटाला किणकन लागेल इतकं जवळ आणून ठेवलं.