सातव्या पिंजऱ्यातली आजी

प्रयोगशाळेतल्या त्या खोलीत भरदुपारी रात्र असे. मुठीत मावणारी, वाटोळ्या डोळ्यांची ती माकडं अंधारातच जागी होतात, म्हणून त्यांचा दिवस उलटा करून ठेवलेला. एक मिणमिणता लाल दिवा, ओल्या भुशाचा वास आणि पत्र्यावर नखांची खुडखुड. ताई बावीस वर्षं त्यांची पैदास सांभाळत होती. म्हातारपणी माणसाची आठवण का जाते, हे तिथल्या डॉक्टरीणबाई या माकडांच्या मेंदूत शोधत. शोधोत बापड्या! ताईच्या आईने आठ महिन्यांत पोटच्या लेकीला ओळखलं नव्हतं.

सातव्या पिंजऱ्यातल्या मादीला सगळे आजी म्हणत. अर्धी खोली तिचीच पिलावळ. दर सोमवारी तिच्यादेखत एका वाटीखाली मनुका लपवायचा आणि तीन पालथ्या वाट्या पुढे ठेवायच्या. ओळीने तीनदा चुकली की तिचा मेंदू काढून तपासायला काचेवर जायचा.

आजी दोनदा चुकली. तिसऱ्या सोमवारी ताईला राहवलं नाही. तिने मनुक्याच्या वाटीवर नखाने हळूच टिचकी मारली. आजीने तीच उचलली.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "चिमे, दमलीस गं?" ताई दारातच बसून ढसाढसा रडली.

मग दर सोमवारी टिचकी, आणि दर सोमवारी संध्याकाळी "चिमे". कुणाला ताकास तूर लागू न देता तिने चार महिने काढले.

एका सोमवारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. "ताई, आज मी बघते, तिन्ही खेपा एकदमच. तुम्ही जरा दाराशी थांबा."

आजीने वाट्यांना हातच लावला नाही. ती ताईच्या बोटाकडे बघत राहिली. शेवटी एक उचलली, रिकामी. पुन्हा मांडल्या, पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदाही तेच. ताई मूठ आवळून उभी होती. बोलली असती तर नोकरी गेली असती, मग आईचं कुणी बघितलं असतं? आजीला हिरव्या फडक्यात गुंडाळून नेलं.

ताई घरी पोचली तेव्हा बाहेर ऊन होतं, पण आईने सगळे पडदे ओढून घेतले होते. भुशाचा वास येत होता. आपल्याच कपड्यांचा असेल, असं ताईला वाटलं. आई स्वयंपाकघरात जमिनीवर उकिडवी बसली होती. पुढ्यात तीन पालथ्या वाट्या. ताईने कामावरची गोष्ट घरी कधी काढली नव्हती.

"आई... काय करतेस?"

"टिचकी मार ना..."

कुठल्या वाटीखाली काय आहे, हे ताईला तरी कुठे ठाऊक होतं? तिने हात उचललाच नाही.

आईने एक वाटी उचलली. रिकामी. दुसरी... रिकामी. तिसरीही.

तिने तिन्ही वाट्या पुन्हा नीट पालथ्या घातल्या. मग मांडीखालून एक हिरवं फडकं काढून डोक्यावरून घेतलं आणि दाराकडे तोंड करून बसली.

"चिमे," ती अगदी शहाण्यासारखं म्हणाली, "न्यायला आले का गं ते?"

फडक्याच्या कोपऱ्यावर काळ्या शाईने सातचा आकडा होता.