वळलेल्या डोंगराचे सात दगड

मावशीला तो काळा कडा सर करायचा नव्हता, तिला फक्त त्याच्या पोटातले सात दगड हवे होते. तेवढ्यासाठी तीन दिवसांची चढण!

पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे अवाढव्य तुकडे खालच्या तापलेल्या, अतिसंथ वाहणाऱ्या थरावरून सरकत असतात, हे ती तीस वर्षं वर्गात शिकवत आली होती. समोरासमोरच्या खंडांचे किनारे एकमेकांत बसतात, समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच नेच्याचे ठसे सापडतात, हे पुरावे तिला तोंडपाठ होते. पण हा डोंगर सरकता सरकता पाव फेरी वळलाही आहे, हे म्हणणं तिचं एकटीचं, आणि ते कुणी मनावर घेत नव्हतं. लाव्हा थिजताना त्यातले लोहाचे कण तेव्हाच्या उत्तरेकडे तोंड करून कायमचे गोठतात. ते आज पूर्वेकडे बघत असले, तर डोंगर वळला! गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, की ही चढाई शेवटची.

म्हणून भाची बरोबर आली होती. वाटाड्याने वर दोर धरला आणि ती कड्यावर लोंबकळली. ड्रिल घरघरलं. दगड सुटला! कानाजवळून गेला! "डोकं आत घे गं!" मावशी खालून ओरडली. ड्रिलने कापलेली दगडाची प्रत्येक कांडी काढण्याआधी तिच्यावर आजच्या उत्तरेचा बाण कोरायचा होता. ऊन असतं तर सावलीवरून दिशा काढली असती, पण आभाळ भरलेलं, म्हणून होकायंत्रावर भागवलं. सात कांड्या पिशवीत पडल्या तेव्हा मावशीने भाचीचे धुळीने माखलेले गाल दोन्ही हातांनी दाबले.

उतरायला लागल्यावर तासाभरात पाऊस आला. एका कपारीखाली बसून भाची होकायंत्रावर वाट तपासत होती, तोच कमरेचा हातोडा तिच्या मांडीवर घसरला आणि होकायंत्राची सुई गर्रकन फिरली. लोखंडी हातोडा! दिवसभर तो होकायंत्राला खेटून लटकत होता. सातही बाण खोटे होते.

गप्प बसली असती, तर कुणालाच कळलं नसतं. मावशी मजेत चहा पीत होती, तिच्याकडे बघून भाचीला रडूच फुटलं.

"मावशी, मी घाण केली गं सगळी." तिने सगळं सांगून टाकलं. "मी परत वर जाते. उद्या संध्याकाळपर्यंत येते."

"दोन तासांत नदी गळ्याशी येईल," वाटाड्या म्हणाला. "आत्ता निघालो तर पार होऊ."

मावशीने चहाचा पेला खाली ठेवला. मग तिने पिशवी उलटी केली. सातही कांड्या खडखडत दरीत गेल्या.

"ओझं कमी झालं. चला!"

नदी फुगली होती. एकाच दोराला बांधून तिघं पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला! मधोमध मावशीचा पाय सटकला. भाचीने झडप घालून तिच्या पाठपिशवीचा पट्टा पकडला. दोर ताणला गेला. वाटाड्याने जीव खाऊन ओढलं. एक पाऊल... आणखी एक... काठ!

दोघी चिखलात एकमेकींना धरून पडल्या.

"रागाव ना गं माझ्यावर," भाची हुंदके देत म्हणाली.

"रागावले होते. मधल्या धारेत उतरला राग," मावशी धापा टाकत म्हणाली. "खोटे बाण घेऊन खरी ठरायचं होतं का मला?"

"पण तुझी शेवटची चढाई होती."

"माझी होती. तुझी कुठे?" मावशीने तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. "पुढच्या वर्षी तू ये, ऊन बघून. तोवर डोंगर सरकून सरकून किती सरकणार? चार बोटं! तेवढं चालून जाशील ना माझ्यासाठी?"