पावणं आत आले की...

ही गोष्ट मी एकदा माझ्या मावसबहिणीला सांगितली होती. ती म्हणाली, "मालन, तुला एखादा चांगला वायरमन बघून देते." तेव्हापासून तोंड मिटून बसले.

आज लिहितेय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. यात पदरचं काही घातलेलं नाही.

आणि रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, पिंपळ नव्हता. १९८७ सालचा मे महिना, कोल्हापुरातली मंगळवार पेठ. भर दुपार. शेजारच्या शालूबाईंनी गच्चीवर सांडगे वाळत घातले होते, इतकं लख्ख ऊन.

असल्या उन्हात ते घडलं.

माझा थोरला भाऊ रंगराव. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण वेड एकच... घरी कॉम्प्युटर बनवायचा. तेव्हा कोल्हापुरात कॉम्प्युटर डोळ्यांनी बघितलेली माणसंसुद्धा थोडीच होती. दादानं पत्र्याचा डबा ठोकून घेतला. आत हिरवा बोर्ड, त्यावर ओळीनं काळ्या आयसी. मुंबईला जाईल तेव्हा एकेक घेऊन यायचा. पडदा म्हणून आमचाच जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही.

सोल्डरिंगला त्याच्याबरोबर मी बसायचे. बाकीच्या पोरी विणकाम शिकल्या, मी कथील लावायला शिकले. आमची आई, म्हणजे माई, म्हणायची, "सासरी जाऊन काय भांड्यास्नी कल्हई करणार हाईस व्हय?"

सासरही दादानंच शोधलं. त्याचा जिवलग मित्र बाळासो. मूळचे हातकणंगल्याकडचे, इथं उद्यमनगरात लेथवर कामाला. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. मी आता घेते. अहोजाहो मात्र अजून सुटलं नाही.

आदल्या वर्षी, ऐन श्रावणात, दादा मोटरसायकल घेऊन चंदगडला गेला. तिथल्या एका सोसायटीचा लाऊडस्पीकर दुरुस्त करायचा होता. वाटेत ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. दादानं त्यात गाडी घातली.

दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला.

पण अलीकडच्या चहावाल्यानं पोलिसांना एक सांगितलं. "गाडीवर दोघं हुती. मागच्यानं पावसाची म्हणून डोक्यावरनं पोत्याची खोळ घेतलती. बाई का बाप्या, कळलं न्हाय."

प्रेत एकच सापडलं. त्या मुलखात दुसरं कुणीही हरवलेलं नव्हतं. मग मागं बसलेलं ते माणूस कोण? बुडताना बघून गप घरी निघून गेलेलं ते माणूस कोण?

माईनं याच प्रश्नावर दिवस काढले. जेवताना मध्येच घास धरून बसायची. माई एकटी पडली म्हणून बाळासो आणि मी बिऱ्हाड मोडून तिच्याकडे राहायला आलो. तिचं एकच मागणं होतं. वर्षश्राद्धाच्या आत लेकाचं यंत्र चालू झालेलं बघायचं.

थोडंच काम राहिलं होतं. मी ते पुरं केलं. त्या दुपारी माईनं डब्याला हळदकुंकू लावलं आणि मी बटण दाबलं.

लाल दिवा लागला. ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला.

आणि टीव्हीवर... नुसत्या मुंग्या.

दादानं व्यवस्था अशी केली होती की सगळं ठीक असेल तर एकदा बीप वाजेल, पडदा स्वच्छ काळा होईल आणि कोपऱ्यात पांढरा चौकोन लुकलुकेल. त्यातलं काहीच नाही. खर्रर्र आवाज आणि मुंग्या.

मी घाबरले नाही. नवीन यंत्र पहिल्या झटक्यात कधी चालतं का? दादाचा नियम मला पाठ होता. "एका टायमाला एकच गोष्ट काढायची, मालन. दोन काढल्यास की खोटं उत्तर मिळतंय."

मीटर लावला. पाच व्होल्ट, बरोबर. कीबोर्ड सोडवला. मुंग्या. कीबोर्ड जोडला, टेपरेकॉर्डर सोडवला. मुंग्या. टीव्हीची वायर बदलली. एकेक आयसी उपसून, पाय पुसून परत बसवली. एकीचा पाय वाकला होता, तो सरळ केला.

मुंग्याच.

बाळासो शेजारी बसून बॅटरीचा उजेड धरत होते. घामानं दोघं निथळत होतो. शेवटी कथील संपलं. ते म्हणाले, "थांब, कोपऱ्यावरनं आणतो."

ते जिना उतरून गेले.

मी सहज बटण बंद करून परत दाबलं...

बीप.

पडदा काळा. कोपऱ्यात पांढरा चौकोन, लुकलुकतोय.

मी आणि माई एकमेकींच्या गळ्यात पडलो. माईनं टीव्हीच्या काचेवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मी खिडकीतून ओरडले, "अहो, लवकर या. चालू झालं."

बाळासो धावत वर आले. दारातून एक पाय आत टाकला.

खर्रर्र... मुंग्या.

"झालं व्हय? कुठं झालंय?" ते म्हणाले.

मला वाटलं, फळ्यांची जमीन आहे, पाय आपटला असेल, आत काहीतरी सैल आहे. त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि बटण दाबलं. बीप. मी खोलीभर दणादण पाय आपटले. पांढरा चौकोन हलला नाही. शालूबाई आवाज ऐकून आल्या, त्यांना आपटायला लावलं. त्या चांगल्या वजनदार. चौकोन जागच्या जागी.

बाळासोंनी पाय टाकला. मुंग्या.

"घड्याळ काढून या," मी म्हटलं. मुंग्या. "अंगात टेरिलीन आहे, त्यातून कधी कधी वीज उठते. शर्ट काढा." ते बनियनवर आले. मुंग्या.

"आता इजार बी काढू काय, तुझ्या आईसमोर?"

शालूबाई हसल्या. मीही हसले.

माई हसली नाही.

माईच्या माहेरी देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या पाकळ्यांकडे बघतात तसं माई टीव्हीकडे बघत होती.

दादाच्या नियमाप्रमाणे मी एकेक गोष्ट काढून बघितली होती. आता काढायला माणूस उरलं होतं. हे माझ्या ध्यानात यायच्या आधी माईच्या ध्यानात आलं.

"शालूबाई, तुम्ही घरला जावा," माई म्हणाली. त्या गेल्या.

माईनं दाराकडे तोंड केलं. बाळासो बाहेर, उघड्या अंगानं, शर्ट हातात घेऊन उभे होते.

"पावणं, त्या दिवशी तुम्ही कुठं हुता?"

"कुठल्या दिवशी?"

कुठल्या दिवशी, हे त्यांना कळलं नव्हतं असं मी आजही मानत नाही.

"माझा रंगा गेला त्या दिवशी."

"हातकणंगल्याला. केरबातात्याच्या रानात भांगलण हुती. तवाच सांगितलंय की."

पांढरा चौकोन लुकलुकत होता.

"आत या," माई म्हणाली, "आन आत येऊन सांगा."

ते उंबऱ्यात थांबले. मग एक पाय आत ठेवला, आणि अजून तोंड उघडायच्या आत...

खर्रर्र...

त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडे बघून म्हणाले, "मालन, तू सांग की तिला. तुला ह्यातलं कळतंय. वायरबियर सैल आसल काय तरी."

मी वायर, आयसी, व्होल्टेज, सगळं बघितलं होतं. मी विचारलं, "गाडीवर मागं तुम्ही होता?"

होय नाही, नाही पण नाही. त्यांनी शर्ट अंगात घातला. बटणं चुकीच्या काजात लावली, सोडून परत लावली.

दादा गेल्याचा निरोप आला त्या संध्याकाळी याच माणसानं मला धरून बसवलं होतं, पाणी पाजलं होतं. दादाला खांदा यानंच दिला. त्यानंतरही मी याच्या शेजारी झोपले. दादानं स्वतः निवडलेला माणूस, आणि त्यानंच केसानं गळा कापला.

दिवस मावळायच्या आत बाळासो पिशवी घेऊन हातकणंगल्याला निघून गेले. मी अडवलं नाही.

आठवड्यानं त्यांचे चुलते, केरबातात्या आले. चौकटीला टेकून उभे राहिले, बसले नाहीत. "त्या दिशी पोरगं माझ्यात हुतं. दिवसभर रानात हुतो आम्ही. जोतिबाच्यान सांगतोय."

माई म्हणाली, "आपल्या रक्ताचा माणूस दुसरं काय सांगणार?"

म्हातारा पाणीही न पिता गेला.

त्यानंतर कॉम्प्युटर रोज चालायचा. एकदाही अडला नाही. दुपारी जेवणं झाली की माई त्याच्यासमोर बसायची आणि दादाशी बोलावं तसं बोलायची. तिचा चेहराच बदलला. तिला उत्तर मिळालं होतं. मलाही मिळालं होतं. माझा संसार गेला, पण खरं कळलं, असं मी मनाला सांगायचे. दादानं आपल्या बहिणीला फसवणाऱ्याच्या संसारात राहू दिलं नाही, म्हणायचे.

वर्षश्राद्ध झालं. सगळे पाहुणे जेवून गेले. संध्याकाळच्या आत आवराआवर करून मी माईसाठी कॉम्प्युटर लावायला गेले.

बटण दाबलं...

मुंग्या.

बंद करून परत दाबलं. मुंग्या. मीटर आणायला मी स्वयंपाकघरात गेले, आणि मागून...

बीप.

"परत दाबलं तर झालं बघ चालू," माई आतून म्हणाली.

मी मीटर घेऊन दारात आले. पाय आत टाकला.

खर्रर्र...

मी तशीच उभी राहिले. मग पाय मागं घेतला. माईनं बटण दाबलं. बीप. पुढं टाकला. मुंग्या.

हातातल्या बांगड्या काढल्या. मुंग्या. कानातलं काढलं. मुंग्या. नवरा सोडून गेला तरी गळ्यातलं मंगळसूत्र मी ठेवलं होतं, तेही काढून फडताळात ठेवलं आणि परत आले.

मुंग्या.

एक गोष्ट मला माझ्या नावाइतकी पक्की माहीत होती. त्या दिवशी मी श्रावणाला म्हणून माहेरी, याच घरात होते. चंदगडचा रस्तासुद्धा मी तोवर बघितला नव्हता. म्हणजे माझ्याबद्दल हे यंत्र खोटं सांगत होतं.

आणि माझ्याबद्दल खोटं सांगत असेल, तर...

मला बाळासोंचे बटणं लावतानाचे हात आठवले. "दादा," मी त्या मुंग्यांकडे बघून म्हणाले, "मी काय केलं रे तुझं?"

नुसता खर्रर्र आवाज.

मी माईकडे वळले. मला वाटलं, ती उठेल, जवळ घेईल, म्हणेल की जळो ते डबडं.

माई माझ्याकडे बघत होती. पाकळ्यांकडे बघावं तशी.

"मालन," ती म्हणाली, "तू कुठं हुतीस गं त्या दिवशी?"

"माई, मी तुझ्याजवळ होते की. आपण दोघी श्रावणाच्या वाती वळत बसलो होतो. तुझ्याच मांडीवर कापूस होता."

माईनं ते ऐकलं. तिला आठवतही असणार. पण ती एवढंच म्हणाली, "तू जरा भाईर उभी ऱ्हा."

मी बाहेर उभी राहिले. बाळासो उभे होते तिथंच.

आत बीप वाजला. माईनं दार लोटून घेतलं.

त्यानंतर माई बरीच वर्षं जगली. माझ्या हातचं खाल्लं, माझ्याकडून पाय चेपून घेतले. पण त्या खोलीत मला कधी बोलावलं नाही, आणि तो प्रश्न परत विचारलाही नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

बाळासो मी न बोलवता आले नाहीत, आणि मी बोलावलं नाही. ते गेल्याचं मला शेजाऱ्यांकडून कळलं.

मला फसवलं, एवढं नक्की. दादानं की बाळासोंनी, हे मात्र अजून कळलेलं नाही. विचारायला दोघंही उरले नाहीत, आणि ज्या खोलीत उत्तर मिळायचं, तिथं मी पाय ठेवला की पडद्यावर मुंग्या येतात.