फ्रेमच्या बाहेर गेलेली पावलं

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचं तर माझ्या डोळ्यांदेखत. याच हिवाळ्यात, घरामागच्या तळ्यावर, भल्या सकाळी.

दादा निसर्गाचे फोटो काढतो. तळ्याकाठी एक जुनं झाड आहे. पालवी, फुलोरा, पानगळ, धुकं... प्रत्येक ऋतूत त्याचा कॅमेरा तिथेच.

आई थर्मासमध्ये चहा घेऊन, चपला फरफटत त्याच्या मागोमाग जायची. एकदा म्हणाली, "अरे, या फुलांखाली माझा एक काढ की."

"आई, फ्रेममध्ये माणूस नको गं. बाजूला हो."

ती हसली. बाजूला झाली.

पानगळीत आई गेली. अचानक.

भिंतीवर लावायला तिचा धड एक फोटो सापडेना. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. चेहरा पार धुरकट आला.

मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "झाडाचे ढीगभर काढलेस, आणि जन्मदात्रीचा एक नाही? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

दादाची मान खाली गेली, ती वर झालीच नाही. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचा.

धुकं पडू लागलं तसं मीच त्याला तळ्यावर पिटाळलं. म्हटलं, जीव रमेल.

थोड्याच वेळात परत आला. चेहरा पांढराफटक.

"छोटे, तिथे कुणीतरी होतं."

कॅमेरा लावताना त्याला चपलांचा आवाज आला होता. सावकाश... फरफटत... अगदी पाठीशी येऊन थांबला.

वळून पाहिलं. कुणी नाही.

पण समोर, झाडाखालच्या गवतावर... दव पुसलं जात होतं. एकेक पाऊल. झाडापासून फ्रेमच्या कडेकडे.

त्याने कॅमेरा तिकडे वळवला. पावलं आणखी पुढे सरकली.

"ओरडलो गं मी. आई, थांब ना, तुझाच काढायचाय! पण ती... बाजूलाच होत राहिली."

एवढा मोठा माणूस, हमसून हमसून रडला.

मला वाटलं, मनाचे खेळ. दुसऱ्या सकाळी मीही गेले.

"तू उभा राहा झाडाखाली. मी काढते."

त्याला बरोबर मधोमध उभं केलं. वारा पडलेला. पाखरंसुद्धा गप्प...

बटण दाबलं.

स्क्रीनवर झाड होतं. धुकं होतं. मधोमध कुणीच नव्हतं.

दादा पार कडेला होता. अर्धा कापलेला. एक हात बाहेर ताणलेला... कुणी मनगट धरून ओढावं तसा.

मी मान वर केली. तो झाडाखालीच उभा होता. जागचा हललेला नव्हता.

"आला का गं नीट?"

"हो," म्हटलं. आणि फोटो पुसून टाकला.

त्याला अजून सांगितलेलं नाही. रोज काहीतरी निमित्त काढून घरातच अडकवते.

पण परवापासून उजाडताना मागच्या दारावर थाप पडते. हलकी... कुणाची झोप मोडू नये अशी.

मी कडी आणखी घट्ट लावून घेते.

बाहेर कोण आहे, मला ठाऊक आहे. आईला दारात उभं ठेवते मी... आणि दादाला म्हणते, "वारा असेल रे."